‘उन्हाळी’ म्हणून सोडून देऊ नका : गरोदरपणातील मूत्रसंसर्ग

लघवीला जळजळ होऊ लागली की मराठी घरांत निदान ठरलेले असते, ‘उन्हाळी लागली’. नावातच दोष ऋतूला दिलेला असल्याने उपायही ऋतूचेच होतात. सब्जा भिजत पडतो, धने-जिऱ्याचे पाणी होते, ताक आणि नारळपाण्याचा आग्रह सुरू होतो. कडक उन्हात पाणी कमी पडून लघवी घट्ट झाली असेल, तर एवढ्याने बरेही वाटते. मात्र गरोदर स्त्रीच्या बाबतीत हे घरगुती निदान महागात पडू शकते. तिच्या जळजळीमागे बहुधा जंतुसंसर्ग असतो, आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचला तर आई व बाळ दोघांनाही धोका संभवतो. त्याहून अवघड बाब म्हणजे, कित्येक गर्भवतींमध्ये हा संसर्ग कोणतीही जळजळ न होता असतो.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या सावेडी उपनगरासारख्या वस्तीत हा प्रश्न दवाखान्यांच्या अभावाचा नाही. मनमाड रस्ता, गुलमोहर रस्ता, पाइपलाइन रस्ता, प्रोफेसर कॉलनी या परिसरात राहणाऱ्या गर्भवतीला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळा दूर शोधाव्या लागत नाहीत. शासकीय सेवा हवी असल्यास शहरात जिल्हा रुग्णालय आहे. अडचण वेगळीच आहे. लघवीची नेमकी कोणती तपासणी झाली, हेच बहुतेकींना ठाऊक नसते. शिवाय नोकरीसाठी नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत, राहुरीला किंवा सुप्याला रोज ये-जा करणाऱ्या स्त्रिया घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत पाणी बेतानेच पितात. वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, हे त्याचे साधे कारण.

गरोदरपणातच हा त्रास का वाढतो?

स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा असतो आणि गुदद्वारापासून तो फार दूर नसतो. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारे ई. कोलाय हे जीवाणू तेथून मूत्राशयात पोहोचणे पुरुषांच्या तुलनेत सोपे असते. मूत्रसंसर्गाच्या बहुसंख्य प्रकरणांत हाच जीवाणू आढळतो. त्याखालोखाल क्लेब्सिएला, प्रोटियस, एन्टरोकॉकस आदींचा क्रम लागतो.

गरोदरपणात यात आणखी भर पडते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शरीरातील अनैच्छिक स्नायू सैलावतात. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणाऱ्या मूत्रवाहिन्याही त्यातून सुटत नाहीत. त्या रुंदावतात आणि लघवीचा प्रवाह मंदावतो. वाढत्या गर्भाशयाचा दाब त्यांच्यावर पडतो तो वेगळाच. गर्भाशय सहसा किंचित उजवीकडे कललेले असल्याने उजव्या बाजूची वाहिनी अधिक फुगते. म्हणूनच गर्भवतींमध्ये मूत्रपिंडाच्या संसर्गाचे दुखणे बऱ्याचदा उजव्या कुशीत जाणवते. मूत्राशय पुरते रिकामे होत नाही, थोडी लघवी मागे राहते. तीत साखरेचा अंश उतरला तर जीवाणूंना आयते खाद्य मिळते. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरावे, तसा हा प्रकार आहे.

मधुमेह असलेल्या, पूर्वी मूत्रसंसर्ग होऊन गेलेल्या, मुतखडा किंवा मूत्रमार्गाची जन्मजात रचनादोषाची तक्रार असलेल्या आणि सिकलसेलग्रस्त स्त्रियांना धोका इतरांहून अधिक असतो. पहिल्याच भेटीत ही माहिती डॉक्टरांना न विचारता सांगून टाकावी.

लक्षणे नाहीत, तरी संसर्ग आहे

लघवीत जीवाणूंची लक्षणीय वाढ झालेली असूनही स्त्रीला काहीच त्रास जाणवत नाही, अशी स्थिती सुमारे दोन ते दहा टक्के गर्भवतींमध्ये आढळते. अमेरिकेतील बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड कॅस यांनी १९५० च्या दशकात या मूक संसर्गाचा पद्धतशीर अभ्यास केला. स्वच्छपणे घेतलेल्या लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख वा त्याहून अधिक जीवाणू वाढले, तर तो खरा संसर्ग समजावा, हा आजही वापरला जाणारा निकष त्यांच्याच कामातून रूढ झाला. अशा गर्भवतींवर उपचार केले नाहीत, तर त्यांपैकी बऱ्याच जणींना पुढे मूत्रपिंडाचा तीव्र संसर्ग होतो, हेही त्या काळातील अभ्यासांतून पुढे आले. जुन्या अभ्यासांत हे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांपर्यंत होते.

अलीकडचे चित्र इतके भडक नाही, हे येथे सांगायला हवे. नेदरलँड्समध्ये सुमारे पाच हजार गर्भवतींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचार न घेतलेल्या मूक संसर्गातून मूत्रपिंडाचा संसर्ग होण्याचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत निघाले. अर्थात, संसर्ग नसलेल्या स्त्रियांपेक्षा तेही कित्येक पटींनी जास्तच होते. त्या अभ्यासातील गर्भवती एरवी निरोगी, मधुमेह नसलेल्या आणि एकच गर्भ असलेल्या होत्या. आपल्याकडे रक्तक्षय आणि गरोदरपणातील मधुमेह किती आढळतो, हे पाहता तो आकडा जसाच्या तसा येथे लावणे शहाणपणाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या प्रसूतिपूर्व काळजीविषयक शिफारशींत मूक संसर्ग आढळलेल्या प्रत्येक गर्भवतीला सात दिवसांचे प्रतिजैविक द्यावे, असे म्हटले आहे. निदानासाठी त्याच शिफारशींत मधल्या धारेच्या लघवीचे कल्चर ही पद्धत सुचवलेली आहे.

गफलत होते ती याच ठिकाणी. ‘माझी लघवी तपासली आहे’ असे गर्भवती सांगते तेव्हा ती बहुधा रासायनिक पट्टीने केलेली तपासणी असते. प्रथिने आणि साखर पाहणे हा तिचा मुख्य उद्देश असतो. रक्तदाबाशी निगडित विकार आणि मधुमेह ओळखण्यासाठी ती आवश्यकच आहे, आणि दर भेटीत व्हायलाही हवी. पण जंतूंविषयी तिचे उत्तर भरवशाचे नसते. काही पट्ट्यांवर नायट्राइट व पांढऱ्या पेशींचे रकाने असतात. ते निगेटिव्ह आले म्हणून संसर्ग नाही, असे ठामपणे म्हणता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखालील नेहमीच्या तपासणीत येणाऱ्या ‘पस सेल्स’ची कथा उलट आहे. गरोदरपणात अंगावरून पांढरे जाण्याचे प्रमाण वाढते. तो स्राव नमुन्यात मिसळला तरी पस सेल्स वाढलेल्या दिसतात. तेवढ्या आकड्यावर कल्चर न करता गोळ्या सुरू होणे हा शहरी दवाखान्यांतला नित्याचा प्रकार आहे, आणि तो योग्य म्हणता येणार नाही.

थोडक्यात, गरोदरपणाच्या सुरुवातीला, साधारण १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान किंवा पहिल्याच भेटीत, एकदा ‘युरिन कल्चर’ झाले आहे का, हे फाइल उघडून पाहावे. झाले नसेल तर डॉक्टरांना विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

नमुना नीट दिला तरच अहवाल खरा

कल्चरचा अहवाल प्रयोगशाळेइतकाच नमुना देणाऱ्या स्त्रीवर अवलंबून असतो, आणि नेमके हेच तिला कोणी समजावून सांगत नाही. घरातली धुतलेली बाटली चालत नाही. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक, रुंद तोंडाची डबी आणावी आणि तिच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. हात धुऊन मूत्रद्वाराचा भाग साध्या पाण्याने पुढून मागे धुवावा आणि पुसावा. बाजूची त्वचा बोटांनी विलग करून पहिली धार सोडून द्यावी, मधली धार डबीत घ्यावी आणि उरलेली पुन्हा बाहेर जाऊ द्यावी. झाकण लगेच लावावे. नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, अन्यथा तो फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तासन् तास राहिलेल्या डबीत जंतू आपोआप वाढतात आणि नसलेला संसर्ग अहवालात दिसू लागतो. शक्यतो प्रयोगशाळेतच नमुना दिलेला बरा.

प्रतिजैविकाची गोळी सुरू करण्यापूर्वी नमुना द्यावा. एक-दोन गोळ्या पोटात गेल्या तरी जंतूंची वाढ दबते. जंतू वाढतात की नाही हे साधारण २४ ते ४८ तासांत कळते. कोणत्या औषधाला ते दाद देतात, हे कळायला आणखी एखादा दिवस लागतो. अहवालात तीन-चार प्रकारचे मिश्र जंतू आले असतील, तर बहुतेक वेळा नमुना दूषित झालेला असतो. अशा वेळी औषधापेक्षा पुन्हा नमुना देणे इष्ट.

त्रास ओळखायचा कसा?

मूत्राशयापुरता संसर्ग असेल तर लघवी करताना जळजळ, घाईची लागणे, थोडी थोडी होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ किंवा लालसर होणे ही लक्षणे दिसतात. वारंवार लघवीला जावे लागणे हे मात्र गरोदरपणात स्वाभाविकच असते. तेवढ्यावरून संसर्ग ओळखता येत नाही आणि नाकारताही येत नाही. जळजळ किंवा वेदना जोडीला असेल, तर मात्र कल्चर हवेच. खाज आणि दह्यासारखा स्राव असेल तर तो बुरशीचा योनिसंसर्ग असण्याची शक्यता अधिक असते, आणि त्याचे औषध वेगळे आहे.

थंडी वाजून ताप, पाठीत बरगड्यांच्या खाली एका बाजूला दुखणे, मळमळ, उलट्या ही लक्षणे मूत्रपिंडाच्या संसर्गाकडे बोट दाखवतात. शंभरातील एक-दोन गर्भवतींना तो होतो, बहुतांशी चौथ्या महिन्यानंतर. यातली फसवी बाब म्हणजे उलट्या ‘दिवस गेल्यामुळे’ आणि पाठदुखी ‘पोट वाढल्यामुळे’ असे सहज खपून जाते. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर नव्याने सुरू झालेल्या उलट्या, त्यातही ताप असताना, डोहाळ्यांच्या खात्यावर टाकू नयेत. ही घरी गोळ्या घेऊन काढायची अवस्था नाही. जंतुदोष रक्तात पसरणे, फुप्फुसांत पाणी होऊन श्वास लागणे, मूत्रपिंडाचे कार्य मंदावणे आणि मुदतीपूर्वी कळा सुरू होणे, हे सारे यातून उद्भवू शकते. रात्रीची वेळ असली तरी रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

उपचार : कोणते औषध आणि कोणते नको

गरोदरपणात सुरक्षित प्रतिजैविके उपलब्ध आहेत. ‘पोटात बाळ आहे, औषध नको’ ही भीती संसर्गाच्या बाबतीत उलटी पडते. सेफॅलेक्झिनसारखी सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे, अमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांचे मिश्रण, नायट्रोफ्युरॅन्टोइन आणि एकाच मात्रेत घ्यायचे फॉस्फोमायसिन यांपैकी निवड केली जाते. कल्चरच्या अहवालात जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, यावर ती अवलंबून असते. नायट्रोफ्युरॅन्टोइन मूत्राशयाच्या संसर्गात उपयुक्त असले तरी पहिल्या तीन महिन्यांत दुसरा योग्य पर्याय असेल तर तो आधी पाहिला जातो. प्रसूती जवळ आल्यावर, साधारण शेवटच्या काही आठवड्यांत, नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याच्या शक्यतेमुळे ते टाळतात. मूत्रपिंडाच्या ऊतींत हे औषध आणि फॉस्फोमायसिन पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. त्यामुळे तेथील संसर्गावर ते चालत नाहीत.

औषधाच्या दुकानात ‘लघवीच्या जळजळीवर काहीतरी द्या’ म्हटल्यावर हाती पडणाऱ्या नॉरफ्लॉक्सॅसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन या गोळ्या गरोदरपणात सहसा टाळल्या जातात. डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातील औषधे बाळाच्या दातांवर व हाडांवर परिणाम करू शकतात. ट्रायमेथोप्रिम आणि सल्फा यांच्या मिश्रणाचा वापर पहिल्या तिमाहीत आणि प्रसूतीच्या तोंडावर टाळला जातो. यातील एकही औषध चिठ्ठीविना विकण्याचे नाही. कायदा तसे सांगतो, काउंटरवर त्याचे काय होते हे सर्वांना माहीत आहे. लघवीचा आम्लपणा कमी करणारी गोडसर सिरपे जळजळ शमवतात, जंतू मारत नाहीत. आग शमली म्हणून तपासणी लांबणीवर पडणे, हाच त्यांचा खरा धोका.

तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेता येते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. मूत्रपिंडाच्या संसर्गात रुग्णालयात दाखल करून शिरेवाटे सलाइन आणि सेफ्ट्रायॅक्सोनसारखे प्रतिजैविक दिले जाते. ताप उतरून दिवस-दोन दिवस गेल्यावर गोळ्यांवर आणतात आणि एकूण सुमारे १४ दिवसांचा क्रम पूर्ण करतात. दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही, तर सोनोग्राफी करून खडा किंवा अडथळा तर नाही ना, हे पाहिले जाते.

तिसऱ्या दिवशी जळजळ थांबते आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. हे घराघरांत घडते. अर्धवट उपचारात टिकून राहिलेले जंतू पुढच्या खेपेला त्याच औषधाला जुमानत नाहीत. औषधाचा क्रम संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करून जंतू खरोखर गेले की नाही, हे पाहण्याचा सल्ला बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञ देतात. हे दुसरे कल्चर सर्वांत जास्त वेळा राहून जाते. संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर प्रसूतीपर्यंत रात्री एक छोटी मात्रा चालू ठेवण्याची पद्धत आहे. ते ठरवणे डॉक्टरांचे काम.

एक बारकावा महत्त्वाचा. कल्चरमध्ये ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस’ हे नाव आले, तर त्यावर उपचार झाले असले तरी प्रसूतीच्या वेळी शिरेवाटे प्रतिजैविक द्यावे लागते. हा जंतू जन्मतेवेळी बाळाकडे जाऊ शकतो. तो अहवाल प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेस पडलाच पाहिजे.

पाणी, स्वच्छतागृह आणि संकोच

प्रतिबंधाच्या उपायांत सर्वांत भक्कम पुरावा पाण्याचा आहे. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या व मुळात पाणी कमी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर वर्षभरातील संसर्गाचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. त्या स्त्रिया गरोदर नव्हत्या, तरी उपाय निर्धोक आहे. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्यावे, हे साधे माप. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे. ताक, नारळपाणी, धने-जिऱ्याचे पाणी घ्यायला हरकत नाही. ती द्रवपदार्थाची भर आहे, उपचार नव्हे. मधुमेह असल्यास साखरेची सरबते टाळावीत. हल्ली औषधदुकानांत महागडी मिळणारी क्रॅनबेरीची पाकिटे गरोदर स्त्रियांना उपयोगी पडल्याचा आधार २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात मिळाला नाही.

सार्वजनिक स्वच्छतागृहातून हा आजार ‘लागतो’, ही समजूत घट्ट आहे. प्रत्यक्षात जंतू बहुधा स्त्रीच्या स्वतःच्याच आतड्यातले असतात. त्या समजुतीपायी पाणी न पिणे आणि लघवी तासन् तास रोखून धरणे, यातूनच अधिक नुकसान होते. आसनाला स्पर्श नको म्हणून अधांतरी बसून घाईने उरकल्यास मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची शक्यता असते. अर्थात, हा दोष स्त्रियांच्या माथी मारून चालणार नाही. स्त्रियांना मोफत व स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात यासाठी मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली. पुरुषांसाठी मोफत असलेल्या सोयीसाठी स्त्रियांना पैसे मोजावे लागत, हा तिचा एक मुद्दा होता. तारकपूर बसस्थानकावर उतरून सावेडीकडे येणाऱ्या सात महिन्यांच्या गर्भवतीला ही गरज कुणी वेगळी समजावून सांगायला नको. कार्यालयांतील वरिष्ठांनी गर्भवती कर्मचाऱ्याला मधल्या सुट्टीची वाट पाहायला लावू नये.

शौचानंतर पुढून मागे धुणे, शरीरसंबंधांनंतर लघवी करून येणे, सुती व कोरडी अंतर्वस्त्रे वापरणे या सूचना नेहमी दिल्या जातात. त्यांचे शास्त्रीय पुरावे फार भक्कम नाहीत, पण त्यांनी तोटाही नाही. योनिमार्ग आतून धुण्याची सुगंधी द्रावणे मात्र टाळावीत. त्यांनी तेथील हितकारक जीवाणूंचा समतोल बिघडतो.

संकोचाचे माप महाराष्ट्रात एकदा घेतले गेले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोगविषयक आजार होते. त्याआधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या आठ टक्के होत्या. तो अभ्यास मूत्रसंसर्गाचा नव्हता आणि सावेडी म्हणजे गडचिरोली नव्हे. तरी ‘त्या जागे’चे दुखणे सासूपाशी, नवऱ्यापाशी बोलायचे कसे, ही अडचण शिकलेल्या घरांतही संपलेली नाही. याच नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका केले. गर्भवतींच्या काळजीचे बरेच काम त्यांनी सांभाळले. बाईने बाईजवळ बोलावे, एवढी सोय झाली तरी कितीतरी आजार वेळेत उघड होतात. आशा कार्यकर्ती आज तेच काम करू शकते.

खर्चाची चिंता असलेल्यांनी शासकीय सुविधांची चौकशी करावी. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयांत गर्भवतीला औषधे व आवश्यक तपासण्या विनामूल्य मिळतात. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेला तज्ज्ञांकडून तपासणीची सोय आहे. कल्चरची सोय त्या केंद्रावर आहे की नमुना अन्यत्र पाठवावा लागतो, हे आधी विचारून घ्यावे.

फाइल माहेरी न्यावी

सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाते. डॉक्टर बदलतात. सावेडीत झालेले कल्चर, दिलेले औषध, राहिलेली फेरतपासणी, यातले काहीच नव्या डॉक्टरांना ठाऊक नसते आणि विचारले तर ‘मध्ये लघवीचा त्रास झाला होता, गोळ्या घेतल्या’ एवढेच सांगितले जाते. माता-बाल संरक्षण कार्डाबरोबर कल्चरचे सर्व मूळ अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या नेल्या पाहिजेत. गरोदरपणात एकदाही संसर्ग झाला असेल तर माहेरी गेल्यावर पहिल्याच भेटीत नवे कल्चर करण्याविषयी विचारावे. बाळंतपणात लघवीची नळी घातली गेली असेल, तर नंतरच्या दिवसांतही संसर्गाची शक्यता राहते. ओल्या बाळंतिणीचा ताप ‘दूध भरल्यामुळे’ आला, असे घरातच ठरवू नये. मूत्रपिंडाचा संसर्ग होऊन गेला असेल किंवा गरोदरपणात वारंवार त्रास झाला असेल, तर मूत्रमार्गाची आणखी तपासणी हवी का, हे सहा आठवड्यांनंतरच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे. बाळाच्या लसीकरणाच्या धावपळीत ही भेट बहुतेकींची राहून जाते.